डोर्गोन स्वतः सम्राट का झाला नाही?

प्रश्न थोडक्यात असा: मांचू राजपुत्र डोर्गोनने 1644 मध्ये बीजिंग घेतलं. पुढची साडेसहा वर्षं चीनचा कारभार त्याच्या हुकमाने चालला आणि फौजही त्याच्याच मुठीत होती. मग गादीवर पाच-सहा वर्षांचा पुतण्या कसा बसला? आणि त्याच पुतण्याने चुलत्याच्या मरणानंतर त्याची कबर का उकरली?

मी गेली पंचवीसेक वर्षं चिंग, म्हणजे चीनमधल्या मांचू राजवटीच्या, काळातले कागद वाचतो, भाषांतर करतो आणि थोडंफार शिकवतो. डोर्गोनचं नाव निघालं की वर्गात हा प्रश्न येतोच. त्याचं सगळ्यात प्रसिद्ध उत्तर एका सम्राटानेच देऊन ठेवलं आहे. 1778 मध्ये चियेनलोंगने फर्मान काढलं. त्याचा मथितार्थ असा, की डोर्गोनच्या हाती सगळी फौज होती, मनात आणतं तर तो गादी सहज घेऊ शकला असता, पण घेतली नाही, म्हणजे तो निष्ठावंत होता. अनेक पुस्तकं हेच उत्तर पुढे चालवतात. मला ते पटत नाही. चियेनलोंगने दोन वेगवेगळ्या वर्षांची एकत्र मोट बांधली आहे. 1643 मध्ये डोर्गोनला गादी मिळण्यासारखीच नव्हती. आणि 1648 नंतर मिळण्यासारखी झाली, तेव्हा त्याला तिची फारशी गरज उरली नव्हती.

हे समजायचं तर आधी ध्वजांचा हिशेब समजला पाहिजे. मांचूंची सगळी माणसं, लढणारी आणि त्यांची बायकापोरंसुद्धा, आठ ध्वजांत वाटलेली होती. पिवळा, पांढरा, तांबडा, निळा हे चार रंग, आणि प्रत्येकाचा एक साधा ध्वज, एक काठाचा. ध्वजाच्या पोटात ‘निरू’ नावाच्या तुकड्या. मूळ हिशेबाने एका निरूत 300 माणसं. ‘निरू’ म्हणजे बाण. हे ध्वज सरकारी पलटणी नव्हते, घराण्यातल्या राजपुत्रांच्या मालकीचे होते. कुणाची ताकद किती हे पदवीवरून ठरत नसे, पदरी निरू किती यावरून ठरत असे. डोर्गोनचंच उदाहरण घ्या. 1641 मध्ये जिनझोऊच्या वेढ्यात त्याने छावणी मागे घेतली आणि शिपायांना पाळीपाळीने घरी जाऊ दिलं. त्याचा भाऊ सम्राट होंग ताइजी भयंकर चिडला. पदवी एका पायरीने खाली आली, 10 हजार ताएल (वजनाचं चिनी माप) चांदीचा दंड झाला आणि वर दोन निरू काढून घेतले. चांदी भरून काढता येते, निरू गेले की घराण्याचं वजनच उतरतं.

आता माणूस. डोर्गोनचा जन्म 1612 चा, मांचू सत्तेचा पाया घालणाऱ्या नुरहाचीचा चौदावा मुलगा. ‘डोर्गोन’चा मांचू अर्थ बिज्जू. (राजपुत्राला बिज्जू कसं म्हणतील असं वाटेल, पण जंगलात शिकारीवर वाढलेल्या लोकांत अशी नावं सर्रास असत.) आई अबाहाय ही नुरहाचीची पट्टराणी. सख्खे भाऊ दोन: थोरला आजिगे, धाकटा दोदो. 1626 मध्ये नुरहाची वारला आणि मोठ्या राजपुत्रांनी अबाहायला सांगितलं, की नवऱ्याबरोबर जायचं अशी त्याची अखेरची इच्छा होती. तिने राजवस्त्रं घातली, दागिने चढवले, धाकट्या दोन मुलांना सांभाळा एवढं मागितलं आणि प्राण सोडला. डोर्गोन तेव्हा चौदाचा पुरा झाला नव्हता. गादी होंग ताइजीला मिळाली. तो सावत्र भाऊ, पण वयाने बापासारखा. ही इच्छा खरोखर नुरहाचीची होती का? मला शंका आहे. तीन मुलांची हुशार आई मागे राहिली असती तर त्या तीन मुलांचे निरू एका जागी राहिले असते, हे कळायला फार डोकं लागत नाही.

पुढची सतरा वर्षं डोर्गोन त्याच होंग ताइजीची चाकरी करत राहिला, आणि उत्तम केली. 1628 मध्ये, पंधरा-सोळाचा असताना, चाहार मंगोलांवरच्या मोहिमेत ‘मेर्गेन दाइचिंग’ हा किताब मिळाला. ‘मेर्गेन’ म्हणजे चाणाक्ष. 1635 मध्ये तो चाहारांच्या शेवटच्या खानाच्या मुलाला शरण आणून परतला, आणि सोबत युआन, म्हणजे चीनवरच्या जुन्या मंगोल राजवटीच्या, काळापासूनची म्हणून सांगितली जाणारी राजमुद्राही घेऊन आला. दुसऱ्या वर्षी होंग ताइजीने ‘चिंग’ घराणं जाहीर केलं आणि डोर्गोनला ‘रुई’ हा राजकुमाराचा किताब दिला. ‘रुई’ हे ‘मेर्गेन’चंच चिनी रूप. 1637 मध्ये त्याने कोरियाचं गांगह्वा बेट घेतलं. तिथे लपलेला राजाचा कुटुंबकबिला हाती लागला, त्यांना त्याने इज्जतीने वागवलं. त्या कैद्यांत पोंगनिम नावाचा एक राजपुत्र होता. हे नाव लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा येतो. 1638-39 मध्ये चीनची भिंत ओलांडून शानदोंगमधल्या जिनानपर्यंत धाड घातली. त्या धाडीत दोन्ही तुकड्यांनी मिळून साडेचार लाखांवर माणसं पकडून नेल्याची नोंद खुद्द मांचूंनीच केली आहे. इज्जतीने वागवणं फक्त राजघराण्यापुरतं होतं.

सप्टेंबर 1643. होंग ताइजी अचानक गेला, मागे वारस नेमलेला नाही. पाच दिवसांनी मुकडेनच्या (आजचं शेनयांग) राजवाड्यात बैठक बसली. माझ्या मते डोर्गोनच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस हा, बीजिंगचा नाही. ध्वज मोजा. दोन पिवळे होंग ताइजीचे स्वतःचे, साधा निळा त्याचा थोरला मुलगा होओगे याच्याकडे. झाले तीन. दोन पांढरे डोर्गोन आणि दोदोकडे. दोन तांबडे सगळ्यांत वडील भाऊ दाइशानच्या घरात. काठाचा निळा चुलतभाऊ जिरगालांगकडे. तीन, दोन, दोन, एक. होओगे नात्याने पुतण्या, पण डोर्गोनपेक्षा वयाने तीन वर्षांनी मोठा आणि लढाईत मुरलेला.

त्या दिवशी वाड्याबाहेर पिवळ्या ध्वजांचे शिपाई बाण चढवून उभे होते. ओलीस म्हणून मुकडेनमध्ये ठेवलेल्या कोरियन युवराजाच्या माणसांनी आत काय झालं ते टिपून ठेवलं आहे, आणि ते मांचूंच्या अधिकृत नोंदींपेक्षा जास्त मोकळं आहे. दाइशानने होओगेचं नाव सुचवलं. होओगे म्हणाला, माझी तेवढी पुण्याई नाही, आणि उठून गेला. तो खरंच नको म्हणत होता, की आग्रहाची वाट पाहत होता? आपल्याकडे पंगतीत ‘नको नको’ म्हणणाऱ्याला वाढणारा पुढे गेला की जे होतं, ते त्याचं झालं. इकडे आजिगे आणि दोदो डोर्गोनला म्हणत होते, तूच बस. तो गप्प. दोदो वैतागून म्हणाला, तू बसत नसशील तर मला बसव, वडिलांच्या मृत्युपत्रात माझं नाव आहे. तेवढ्यात पिवळ्या ध्वजांचे सरदार तलवारी लावून पुढे आले: आम्ही वारलेल्या सम्राटाचं अन्न खाल्लंय, त्याच्या मुलाला बसवणार नसाल तर आम्ही त्याच्यामागे मरायला तयार आहोत. बोलायला नम्र, पण अर्थ सरळ होता. दाइशान म्हातारपणाचं निमित्त सांगून निघून गेला.

डोर्गोनने तिथल्या तिथे तोड काढली. ‘त्याचा मुलगा’ पाहिजे ना? मग घ्या की. होओगे नको म्हणाला आहे, तर नववा मुलगा फुलिन. वय पाच. तो मोठा होईपर्यंत कारभार मी आणि जिरगालांग पाहू. पिवळ्यांची अट पाळली गेली, होओगेचा पत्ता कटला, काठाच्या निळ्याला वाटा मिळाला आणि पांढऱ्यांना निम्मा कारभार. एका वाक्यात चारही गट बसवले! दोनच दिवसांनी दाइशानचाच एक मुलगा आणि एक नातू डोर्गोनला गादीवर बसवायची खटपट करू लागले. दाइशानने स्वतः ती उघड केली आणि दोघांना देहान्त झाला. डोर्गोनने त्यांना वाचवायला बोटही हलवलं नाही. हलवलं असतं तर तीन ध्वज विरुद्ध दोन अशी घरातच लढाई जुंपली असती आणि बीजिंग स्वप्नातही दिसलं नसतं. चियेनलोंग म्हणतो ती ‘सगळी फौज’ त्या दिवशी त्याच्या हाती नव्हतीच.

ती आली पुढच्या वर्षी. एप्रिल 1644 च्या अखेरीस ली झिचेंगच्या बंडखोर सैन्याने बीजिंग घेतलं आणि चीनवर तोवर राज्य करणाऱ्या मिंग घराण्याच्या शेवटच्या सम्राटाने वाड्यामागच्या टेकडीवर गळफास घेतला. डोर्गोन 14 मे रोजी मुकडेनहून निघाला तो मांचू आणि मंगोल फौजेचा दोन-तृतीयांश हिस्सा आणि चिनी तोफखाना घेऊन. फान वेनचेंग नावाचा चिनी सल्लागार त्याला निघण्याआधीपासून सांगत होता: या वेळी लूट नको, कत्तल नको, आपण राज्य करायला चाललो आहोत. वाटेत 20 मे रोजी वू सानगुईचं पत्र आलं. वू हा मिंगांचा सेनापती, शानहाय खिंडीचा राखणदार. भिंत जिथे समुद्राला टेकते तिथली ती खिंड म्हणजे मांचुरियातून चीनमध्ये शिरायचा दरवाजा. बंडखोरांना मारायला मदत करा, बदल्यात मुलूख देऊ, असा पत्राचा सूर. मदत मागणारा मिंगांचा नोकर होता, मांचूंचा नाही. डोर्गोनने उत्तर पाठवलं: शरण ये, तुला राजा करतो. मदतीचा शब्द उत्तरात विरघळून गेला. सौदा कसा फिरवायचा हे शिकायचं तर ही दोन पत्रं शेजारी ठेवून वाचावीत. (वू सानगुई एका नर्तिकेपायी फुटला ही गोष्ट चीनमध्ये पोराटोरांना माहीत आहे. मी तिच्यावर वेळ घालवत नाही. मागे बंडखोर आणि पुढे मांचू असताना त्याला कुणा एकाकडे जावंच लागणार होतं.)

मग डोर्गोनने घाई केली. शेवटच्या टप्प्यात फौज दिवसरात्र 200 ली, म्हणजे जवळपास 100 किलोमीटर चालली. 27 मे रोजी सकाळी वू खिंडीबाहेर येऊन भेटला, मांचूंसारखं डोकं भादरून घेतलं. डोर्गोनने त्याला सांगितलं, तुझ्या माणसांच्या खांद्यांना पांढरं कापड बांध. बंडखोरही चिनी आणि हेही चिनी, माझे स्वार ओळखणार कसे? ली झिचेंगची फळी डोंगरापासून थेट समुद्रापर्यंत पसरलेली. डोर्गोनने वूला पुढे घातलं आणि स्वतः थांबला. वाळूचं वादळ सुटलं, समोरचं दिसेना, आणि त्या धुळीत वूची माणसं तासन्‌तास मरत होती. वारा पडला तेव्हा मांचू स्वार वूच्या उजव्या अंगाने बाहेर पडले. बंडखोरांना समोर भादरलेली डोकी दिसली आणि त्यांची फळी फुटली. मला विचाराल तर ही लढाई डोर्गोनने स्वार सोडून जिंकली त्यापेक्षा न सोडून जिंकली. दुपारपर्यंत वूची फौज इतकी झिजली होती, की संध्याकाळी त्याच्याजवळ घासाघीस करायला काही उरलंच नव्हतं.

5 जूनला बीजिंग. ली झिचेंग आदल्या दिवशी वाड्याला आग लावून पळाला होता. शहरातले अधिकारी राजाची पालखी, छत्रं, निशाणं घेऊन वेशीबाहेर उभे. त्यांचा समज असा, की वू सानगुई मिंग युवराजाला घेऊन येतोय. आला तो भादरलेल्या डोक्याचा एकतीस वर्षांचा परका माणूस. त्याला पालखीत बसायची विनंती झाली. तो म्हणाला, मी झोऊच्या ड्यूकसारखा बाळराजाचा कारभार पाहायला आलोय, राजाच्या पालखीत बसणं मला शोभत नाही. चिनी परंपरेत झोऊचा ड्यूक म्हणजे आदर्श चुलता: भाऊ वारल्यावर पुतण्याचं राज्य सांभाळलं, पुतण्या मोठा होताच परत दिलं. यावर अधिकाऱ्यांनी, शतकानुशतकं असल्याच वादांवर पोट भरणारी जमात ती, तत्काळ दाखला काढला की झोऊच्या ड्यूकनेही राजाच्या जागी राजचिन्हांचा मान घेतला होता. मग तो बसला.

पहिल्या काही आठवड्यांत त्याने घेतलेले निर्णय पाहिले तर हा माणूस फक्त घोडेस्वार नव्हता हे कळतं. मिंग सम्राटासाठी तीन दिवस दुखवटा. मिंग अधिकारी जागच्या जागी कायम. मिंग अमदानीच्या शेवटी लढाईखर्चासाठी लावलेले तीन जादा कर रद्द. डोकी भादरायचा हुकूम निघाला होता, पण लोक बिथरताहेत असं पाहून महिन्याच्या आत मागे घेतला. आजिगेचं म्हणणं होतं की शहर लुटावं आणि मुकडेनला परत जावं, नेहमीसारखं. डोर्गोनने उलट राजधानीच बीजिंगला हलवली. ऑक्टोबर 1644 मध्ये फुलिन, म्हणजे शुनझी सम्राट, तिथे सिंहासनावर बसला.

पुढच्या वर्षी मिंगांची दक्षिणेतली राजधानी नानजिंग पडली आणि हात मोकळे झाले. जुलै 1645 मध्ये भादरण्याचा हुकूम पुन्हा निघाला, या वेळी दहा दिवसांच्या मुदतीने. पुढचं डोकं भादरायचं, मागे लांब वेणी. लोकांच्या तोंडी त्याचं एक वचन झालं: डोकं ठेवायचं तर केस द्या, केस ठेवायचे तर डोकं द्या. आईबापांनी दिलेलं शरीर जसंच्या तसं राखणं हा चिनी माणसाचा धर्म, केसही त्यातच आले. न्हाव्याच्या पाटावर बसणं म्हणजे आईबापांना नाकारणं. ज्या गावांनी राज्य बदललं तेव्हा वेशी उघडून दिल्या होत्या, ती गावं या हुकमाने पेटली. जियांगयिन 81 दिवस लढलं आणि संपलं. जियादिंगमध्ये एकामागून एक तीन कत्तली झाल्या. त्याआधी मे महिन्यात यांगझोऊला दोदोच्या फौजेने केलेली कत्तल वेगळीच. डोर्गोनला याचा फायदा एकच होता, पण मोठा: कोण शरण आलाय हे आता लांबून, घोड्यावरून दिसत होतं. शानहायला खांद्यावरच्या पांढऱ्या फडक्याने केलं तेच काम आता अख्ख्या देशात वेणीने केलं.

याच काळात बीजिंगभोवतीची शेतजमीन मूळ मालकांना हुसकावून ध्वजांच्या माणसांना वाटली गेली. मांचूंकडून पळालेल्या गुलामाला 100 फटके, पण त्याला आसरा देणाऱ्याला मरण, असा कायदा झाला. चियेनलोंगच्या फर्मानात यातलं काही नाही. त्याला डोर्गोन घराण्याचा सेवक म्हणून हवा होता. मी शिकवताना मात्र हे आधी सांगतो, नाहीतर पोरं पालखीच्या गोष्टीवर खूश होऊन जातात.

आता प्रश्नाचा दुसरा भाग, त्याला गादीची गरज का उरली नाही. इथे एक गंमत जवळून पाहण्यासारखी आहे. चिनीत धाकट्या चुलत्याला म्हणतात ‘शू-फू’. ‘शू’ म्हणजे बापाचा धाकटा भाऊ, ‘फू’ म्हणजे बाप. 1644 मध्ये डोर्गोनची पदवी झाली ‘शू-फू कारभारी राजे’. 1645 मध्ये पुढे ‘ह्वांग’, म्हणजे ‘सम्राटाचे’, हा शब्द लागला: ‘ह्वांग शू-फू’, सम्राटाचे चुलते. आणि 1648 च्या शेवटी मधला ‘शू’ गळाला. उरलं ‘ह्वांग-फू’, सम्राटाचे वडील. नवीन काहीच जोडलं नाही, एक अक्षर तेवढं कमी केलं, आणि चुलत्याचा बाप झाला. कोरियाच्या दरबारात हा शब्द पत्रात आला तेव्हा राजाने विचारलं, हे काय नवीन? चिंग वकिलांनी खुलासा केला होता, की ‘चुलता’ हा शब्द आता काढलाय, आणि सणासमारंभाच्या मुजऱ्यात त्यांचा मान सम्राटाच्या बरोबरीचा आहे.

यावरूनच पुढे अफवा उठली की शुनझीच्या आईने डोर्गोनशी लग्न केलं. दक्षिणेत मिंगांसाठी लढणाऱ्या झांग ह्वांगयानने त्यावर खवचट कविताही लिहिली. भावाच्या विधवेशी लग्न मांचूंत नवं नव्हतं, पण या लग्नाचा विश्वासार्ह पुरावा नाही. शत्रूच्या कवितेला मी पुरावा मानत नाही.

शब्दांमागे सत्ताही सरकत होती. 1647 मध्ये जिरगालांगला कारभारातून काढलं. आरोप काय, तर नव्या वाड्यात मर्यादेबाहेर पितळेचे सिंह, कासवं आणि करकोचे बसवले. त्याच्या जागी दोदो. 1648 मध्ये होओगे सेचुआन जिंकून परतला आणि थोड्याच दिवसांत तुरुंगात मेला, त्याची एक बायको डोर्गोनने घरात आणली. सम्राटासमोर गुडघे टेकणं त्याला आजारपणामुळे माफ झालं. मुद्रा वाड्यातून त्याच्या घरी गेल्या, आणि मुद्रा जिथे तिथे फर्मान. हे घर राजवाड्याच्या आग्नेयेला, नानचिझी रस्त्याजवळ होतं. त्या जागेवर 1694 मध्ये कांग्शी सम्राटाने देऊळ केलं आणि त्यात देव बसवला तो महाकाल. होय, आपलाच, बौद्ध तंत्रमार्गाने तिबेट आणि मंगोलियामार्गे पोचलेला. पुढे त्याचं नाव पुदू मंदिर झालं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आजूबाजूच्या बैठ्या गल्ल्यांतून एकदम उंच जोतं समोर आलं, आणि रोज सकाळी इथे दरबारी का येत असतील हे पुस्तकाशिवाय कळलं. राजवाडा हाकेच्या अंतरावर, पण लोक इकडे वळत.

मग आता गादी घ्यायला काय अडचण? एक तर मुलगाच नाही. त्याला एकच मुलगी. दत्तक घेतलेला दोदोचा मुलगा दोर्बो. गादी मुलासाठी घेतात. दुसरं म्हणजे पिवळ्यांतले सोनिनसारखे लोक पदावरून काढले, हद्दपार केले तरी फुटले नव्हते. तिसरं, शरीर. तो स्वतःच म्हणत असे की सोंगशान-जिनझोऊच्या लढायांनी त्याची तब्येत कायमची खचली. 1649 मध्ये दोदो देवीच्या साथीत गेला. तेव्हापासून, माझ्या वाचनात, तो माणूस घाईला आलेला दिसतो. भिंतीपलीकडे थंड हवेत नवं शहर बांधायचं म्हणून नऊ प्रांतांवर जवळपास 25 लाख ताएलचा जादा कर बसवला, सहा वर्षांपूर्वी जादा कर रद्द करणारा हाच. आणि कोरियाकडे बायको म्हणून राजकन्या मागितली. तेव्हा कोरियाच्या गादीवर कोण होता? तोच, गांगह्वा बेटावर हाती लागलेला पोंगनिम, आता राजा ह्योजोंग. त्याने नात्यातल्या एका सरदाराची मुलगी ‘राजकन्या’ करून पाठवली. डोर्गोन वाटेतच तिला सामोरा गेला आणि त्याच दिवशी लग्न लावलं.

ते साल 1650. त्याच वर्षाच्या 31 डिसेंबरला, भिंतीबाहेर ‘खाराहोतून’ नावाच्या ठिकाणी शिकारीवर असताना तो वारला. वय 38. घोड्यावरून पडून गुडघा दुखावला होता आणि उपचार भलताच झाला, असं एका समकालीन चिनी लेखकाने लिहिलं आहे.

शव बीजिंगला आलं तेव्हा तेराव्या वर्षात असलेला शुनझी पांढरे कपडे घालून वेशीबाहेर सामोरा गेला. डोर्गोनला मरणोत्तर सम्राटपद दिलं गेलं. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या तो सम्राट झाला, फक्त मेल्यावर, आणि जेमतेम दोन महिन्यांसाठी! मग त्याच्याच पांढऱ्या ध्वजातला सुक्साहा पुढे आला: शवपेटीत गुपचूप सम्राटाचा पिवळा अंगरखा, जपमाळ आणि काळ्या सेबलच्या कातड्याचा कोट ठेवलाय. जिरगालांगने बाकीची यादी वाचली: स्वतःला बाप म्हणवलं, होओगेला मारलं, होंग ताइजीने मुळात गादी बळकावली होती असं बोलला. हा शेवटचा आरोप मला खरा वाटतो. चोवीस वर्षांपूर्वी दागिने घालून मेलेली आई तो विसरला नव्हता. सत्ता हाती येताच त्याने नुरहाचीच्या काळच्या अधिकृत नोंदींत तिच्याविषयीचा मजकूर बदलून घेतला होता आणि तिला मरणोत्तर सम्राज्ञी केलं होतं. मार्च 1651 मध्ये आईची पदवी गेली, मुलाचीही गेली.

कबरीविषयी: प्रेत उकरून काठ्यांनी झोडलं आणि शिर तोडलं, हे आपल्याला मार्टिनो मार्तिनी या त्या काळात चीनमध्ये राहिलेल्या इटालियन जेझुइटाकडून कळतं. दरबारी नोंदीत पदव्या काढल्या, मालमत्ता जप्त केली, इतकंच सापडतं. आजिगेला त्याच वर्षी आत्महत्या करायला लावली. कोरियन राजकन्या दुसऱ्या एका राजपुत्राच्या घरी दिली गेली. तोही वारल्यावर, 1656 मध्ये, ती माहेरी परत गेली.

पण सूड म्हणून हे सगळं वाचलं तर मुख्य गोष्ट निसटते. पुन्हा ध्वज मोजा. डोर्गोनचा साधा पांढरा ध्वज शुनझीने स्वतःकडे घेतला. दोन पिवळे आणि हा पांढरा मिळून ‘वरचे तीन ध्वज’ झाले, थेट सम्राटाचे, आणि घराणं संपेपर्यंत तसेच राहिले. डोर्गोनला गुन्हेगार ठरवल्याशिवाय तो ध्वज दोर्बोकडून काढता आला नसता. अंगरख्याचं निमित्त पुरलं.

चियेनलोंगने 1778 मध्ये किताब परत देऊन दोर्बोच्या वंशजांना तो पिढ्यान्‌पिढ्या कमी न होणारा म्हणून बहाल केला, तेव्हा पांढरा ध्वज परत दिला नाही.

शुनझी स्वतः 1661 मध्ये देवीने वारला. वारस पुन्हा लहान, सातव्या वर्षात असलेला कांग्शी. या वेळी चार कारभारी नेमले गेले आणि त्यांत चुलता एकही नव्हता, राजघराण्यातलंच कुणी नव्हतं. चौघांतला पहिला सोनिन, 1643 च्या बैठकीत पिवळ्या ध्वजांच्या बाजूने उभा राहिलेला. दुसरा सुक्साहा, शवपेटीतला अंगरखा सांगणारा.